कोल्हापुरात ‘तालीम’ म्हणजे नक्की काय: व्यायामशाळा की मंडळ?

दोन्ही. मूळ अर्थ कुस्तीची व्यायामशाळा: तांबड्या मातीचा हौदा, जोर-बैठका, आणि शिकवणारा वस्ताद. अरबी ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. म्हणूनच नाटकाच्या सरावालाही आपण तालीमच म्हणतो. गंगावेस, मोतीबाग या तालमी मल्लांसाठी प्रसिद्ध आहेत. पण कोल्हापुरात पेठेतली तालीम हा गल्लीचा कट्टाही असतो. गणपती तिथलाच आणि फुटबॉलचा संघही तिथलाच. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही नावं मैदानावर ऐकू येतात ती यामुळेच. ‘आमच्या तालमीचा पोरगा’ म्हटलं की तो पैलवान असेलच असं नाही, आपल्या भागातला एवढंच समजावं. मात्र ट्रेडमिल आणि यंत्रांच्या जागेला कुणी तालीम म्हणत नाही, तिला सरळ जिमच म्हणतात.