उंबऱ्यात अडलेले अण्णा

"मावशी, अण्णांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. ते एसटीत कंडक्टर होते. शेवटच्या गाडीची ड्युटी करून रात्री अकराला आले तरी आम्हा भावंडांना झोपेतून उठवून खाऊ द्यायचे. शेवटची अकरा वर्षं त्यांना पार्किन्सन्स होता, आणि मला आठवतं ते फक्त माझं वागणं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी तिला मांडीवर घेतलं, पण चेहऱ्यावर हसू नाही. हात थरथरतात एवढंच तेव्हा आम्हाला माहीत. मुलगी झाली म्हणून नाराज आहेत असं समजून मी दोन महिने माहेरी फोन केला नाही. पुढे त्यांचे पाय उंबऱ्यात अडायला लागले. जिना मात्र नीट चढायचे, म्हणून 'सोंग करू नका' असं मी म्हणाले. शेवटी त्यांना कोपऱ्यात मुलं बसलेली दिसायची. 'त्यांना दूध दे गं,' म्हणायचे आणि मी चिडायचे. आता भाऊ म्हणतो, भिंतीवर खाकी गणवेशातला जुना फोटो लावू, आजारपणातला नको. आईला शेवटच्या दिवाळीतला हवाय. अण्णांच्या हिशेबाच्या वह्याही भाऊ रद्दीत द्यायच्या म्हणतो, कारण शेवटच्या वह्यांतलं अक्षर मुंगीएवढं झालंय. काय करू?"
एक लेक, सांगली

लेकी,

बारशापासून सुरू करते, कारण पत्रात तीच ओळ तू दोनदा खोडून पुन्हा लिहिली आहेस.

आपल्याकडे या आजाराला कंपवात म्हणतात. नावातच कंप, म्हणून घरातले सगळे हातांकडे बघत राहतात. हालचालींसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात तसं सगळं अंगच मंद आणि ताठ होत जातं, त्यात चेहऱ्याचे स्नायूही आले. पापण्यासुद्धा कमी लवतात. डॉक्टर त्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. पोटात आनंद मावत नसला तरी तो ओठांवर उमटत नाही. अण्णांच्या मनात त्या दिवशी काय होतं, ते मी सांगू शकत नाही, मी तिथं नव्हते. पण ज्याचे हात थरथरतात तो माणूस बारा दिवसांचं बाळ मांडीवर घेतो, तेव्हा आपल्या हातून त्याला काही होईल ही भीती त्याला वाटत नसेल का? तरी त्यांनी घेतलं. मी असते तर हसण्यापेक्षा तेच धरून ठेवलं असतं.

उंबऱ्याचं आता. आपण चालतो तेव्हा पाऊल आपोआप पडतं. हे आपोआप होणंच या आजारात बिघडतं. जिन्याची पायरी मात्र डोळ्यांना दिसते, पाय कुठं टाकायचा ते ती सांगते, म्हणून जिना जमतो आणि सपाट फरशीवर माणूस खिळतो. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या की पुष्कळांचा पाय सुटतो, तोही याचमुळे. दारात, अरुंद जागेत, कुणी मागून घाई केली की पाय हमखास अडतो. तुझ्या ओरडण्यानं अण्णांचा पाय आणखी अडला असेल, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तुला हे कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षश्राद्धापर्यंत थांबू नकोस. आज संध्याकाळी त्यांच्या फोटोपुढं बस आणि मोठ्यानं म्हण, "अण्णा, ते सोंग नव्हतं. मला आत्ता कळलं."

त्या कोपऱ्यातल्या मुलांचं तर माझ्या मनातून जातच नाही. या आजारात भास होतात, कधी आजारानं, कधी त्याच्यावरच्या औषधांनी. कुणाला घरात चोर शिरलेले दिसतात, कुणाला साप. अण्णांना मुलं दिसली, आणि ती भुकेली असतील असं वाटलं. रात्री अकराला तुम्हाला उठवून खाऊ देणारा माणूस तो हाच की गं! अकरा वर्षांत आजारानं त्यांचं चालणं नेलं, हसू नेलं, पण लेकरू उपाशी राहू नये ही काळजी तेवढी त्याला नेता आली नाही. तुझ्या भावाला हे नक्की सांग.

फोटो आईला हवा तोच लावा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला हे शब्द फार आवडतात. तुझी आई अकरा वर्षं शुभंकर होती. गोळी वेळेवर, आणि गोळीच्या जवळपास वरण-दूध नको, कारण काहींना त्यानं गोळी नीट लागू पडत नाही. शर्टाची बटणं, रात्री कूस बदलून देणं. आजारपणातला चेहरा भिंतीवरून काढला तर तिची ही अकरा वर्षंही निघून जातील. भावाला गणवेशातला फोटो त्याच्या घरी लावू दे, त्यालाही त्याचे अण्णा हवेतच. आणि त्याच्याशी जरा निवांत बोल. हे आपल्यालाही होईल या भीतीनं तर तो आजारपण नजरेआड करत नाही ना? बहुतेक रुग्णांना हा आजार आईवडिलांकडून आलेला नसतो. एवढं ऐकूनही कदाचित त्याचा जीव हलका होईल.

वह्या मात्र कुणालाही देऊ नकोस. अक्षर बारीक होत जाणं हेही या आजाराचंच लक्षण, आणि ते काही वेळा हात थरथरायच्याही आधी सुरू होतं. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर यायच्या आधीच आजार या वह्यांत आलेला असू शकतो. तरी अण्णा भाजी, दूध, वीजबिल लिहीत राहिले. एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागत असेल, याचा अंदाज आईला विचार.

एक चांगलं भिंग आण. पहिल्यांदा तुझ्या मुलीच्या बारशाच्या महिन्याचं पान काढ. त्या आठवड्यात अण्णांनी कशाकशावर खर्च केला, ते वाच आणि मला कळव.

तुझी,
मावशी