वार्तापत्रातले माजी विद्यार्थ्यांचे पराक्रम पाहून व्हेटरनरी कॉलेज निवडावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला नीटच्या मार्कांवर व्हेटरनरी मिळतंय, तुम्ही ठाण्यात राहता, परळ की शिरवळ असा घोळ चाललाय. आणि कॉलेजांच्या वार्तापत्रांत ज्यांचे माजी विद्यार्थी जास्त चमकलेत ते कॉलेज घ्यायचा विचार आहे. घेऊ नका. मी 1998 ला बाहेर पडलेला. तेव्हा ही कॉलेजं कृषी विद्यापीठांकडे होती, 2000 साली माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, झाल्यावर तिकडे गेली. माझं कोणतं ते सांगत नाही, कारण पुढे त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचंय.

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून 2023 च्या डिसेंबरात वाशीच्या एका हॉटेलात संमेलन ठेवलं होतं. अमेरिकेतून एक मित्र आला होता. त्याला आपण टेक्सास म्हणू. त्याचं तिथे फक्त मांजरांचं हॉस्पिटल आहे. माझा दवाखाना कळव्यात, म्हणून त्याला स्टेशनवरून उचलून बरोबर नेत होतो. गाडीत बसल्यापासून त्याचं जुनंच तुणतुणं सुरू. "तू अजून म्हशी करतोस? घोडबंदरला एवढी पाळलेली कुत्री आहेत, एसीत बसून कमव की." कॉलेजातही हेच म्हणायचा, मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस म्हणजे हमाली.

दिघ्याला पोचलो आणि दिव्याकडच्या एका तबेल्यातून फोन. "डॉक्टरसाब, भैंस सुबह से लगी है, बच्चा नहीं आ रहा." सकाळपासून म्हणजे आधीच उशीर. पुढच्या सिग्नलला गाडी वळवली. टेक्सास म्हणाला, दुसऱ्या कुणाला पाठव. शनिवारी संध्याकाळी कळवा ते शीळ या पट्ट्यात अडलेल्या म्हशीला हात घालणारा दुसरा कुणी मला तरी माहीत नव्हता.

जाफराबादी होती, चौथ्या वेताची. शर्ट काढून हात आत घातला तर मार्ग सरळ जाईना, पिळलेल्या ओल्या धोतरासारख्या वळ्या हाताला लागल्या. गर्भपिशवीला पीळ, उजवीकडे. म्हशींत हे गाईंपेक्षा बरंच जास्त होतं आणि बहुतेकदा उजवीकडेच. उपायाला मशीन लागत नाही. म्हशीला उजव्या कुशीवर पाडायचं, पुढचे दोन पाय एकत्र बांधायचे, मागचे दोन एकत्र. वरच्या कुशीवर लांब फळी आडवी टाकायची, तिचं एक टोक जमिनीला टेकलेलं, आणि फळीवर माणूस उभा करायचा. मग दोरांनी पाय ओढून म्हैस त्याच उजव्या बाजूला हळूहळू लोळवायची. नवख्याला हे उलटं वाटतं, पीळ उजवीकडे तर फिरवायचं डावीकडे ना? नाही. फळीने आतलं रेडकू जागच्या जागी दाबून धरायचं असतं आणि बाहेरची म्हैस त्याच्याभोवती फिरवून पिळापर्यंत आणायची असते. दर लोळवणीनंतर परत हात घालून बघायचं.

दोरांना तबेल्यातली चार माणसं लागली. फळीवर उभं राहायला उरला टेक्सास, ब्लेझर आणि टायमध्ये. मी त्याला गमबूट दिले. तिसऱ्या लोळवणीला पीळ सुटला. सुटला की कळतंच, आतून पाणी मनगटावरून बाहेर येतं. पिशवीचं तोंड उघडलेलं होतं, दोर लावून रेडकू ओढलं. मेलेलं होतं. नर होता, आणि तबेल्यात नराला जिवंतपणी तरी कोण विचारतं. म्हैस मात्र अर्ध्या तासात उठली. तिच्यामागून वारही पडली. आम्ही संमेलनाला पोचलो तेव्हा सत्कार संपून गुलाबजाम चालू होते आणि आमच्या टेबलावर कुणी बसत नव्हतं.

मार्चमध्ये वार्तापत्र आलं. पान तीन, "आमचा अभिमान": परदेशस्थ माजी विद्यार्थ्याने मायभूमीत येऊन अडलेल्या म्हशीची सुटका केली, म्हैस व पारडू दोन्ही सुखरूप. ब्लेझरमधला फोटो. मी फोटोत आहे, कोपरापर्यंत. फोटो तबेलेवाल्याच्या मुलाने काढला होता, त्यात फक्त माझा हात आलाय.

संपादकाला फोन केला. तो म्हणाला, "तू फॉर्म भरला नव्हतास." म्हणजे हे असं असतं. एक फॉर्म येतो, त्यात रकाने: पुरस्कार, परदेशी शिष्यवृत्ती, शोधनिबंध, पदोन्नती. जो भरतो तो अभिमान. माझ्यासारख्याने कुठल्या रकान्यात लिहायचं? जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातला पशुधन विकास अधिकारी, देवनारच्या कत्तलखान्यात मांस तपासणारा, बोरिवलीच्या उद्यानात बिबट्याला भूल देणारा, हे कुठल्या रकान्यात बसतात?

बुळकांडी घ्या, गुरांचा जीवघेणा साथीचा रोग. 2011 साली ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग. लस बनवणाऱ्या वॉल्टर प्लौराइटना 1999 चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पण बर्फाचा डबा घेऊन गोठ्यागोठ्यांत सुया टोचत फिरलेले हजारो लोक कुठल्या तरी कॉलेजचे माजी विद्यार्थीच होते ना? त्यांची बातमी मी तरी कुठल्या पानावर पाहिलेली नाही.

आता तुमचा प्रश्न. परळचं कॉलेज 1886 चं, शेजारीच बाई साकरबाई रुग्णालय, त्यामुळे कुत्री, मांजरं, पक्षी, घोडे भरपूर बघायला मिळतात. शिरवळला आजूबाजूला शेतकऱ्यांच्या गाई. मुलीला शहरात लहान प्राण्यांचा दवाखाना टाकायचा असेल तर परळ, ठाण्याहून लोकलने जाऊन-येऊन करता येईल. नक्की नसेल तर शिरवळनेही काही बिघडत नाही. साडेपाच वर्षं आहेत, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. दोन्हीकडे सकाळी ओपीडीच्या वेळी जाऊन बाहेर बसा, शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि एकच विचारा: स्वतःच्या हाताने गाभण तपासणी किती वेळा केलीस? मुलगा इकडेतिकडे बघायला लागला तर समजा. वसतिगृह, फी वगैरे इथे दुसरे लोक सांगतीलच.

आणि हो, न्यायाने सांगायचं तर सगळ्याच बातम्या पोकळ नसतात. एनडीडीबीच्या, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या, 1998 ते 2014 अध्यक्ष असलेल्या अमृता पटेल परळच्याच, त्यांना 2001 मध्ये पद्मभूषण मिळालं. कॉलेजने तो अभिमान मिरवलाच पाहिजे. टेक्सासनेही कमी घासलेली नाही. आपली पदवी अमेरिकेत थेट चालत नाही, आधी ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह ही बाहेरच्या पदवीवाल्यांची पात्रता चाचणी, मग नॅव्हली ही परवान्याची परीक्षा, यात त्याची चार वर्षं पेट्रोल पंपावर गेली. मी ते करू शकलो नसतो. मुलीला परदेशी जायचं असेल तर त्याचं ऐका, माझं नको. शिवाय घोडबंदरच्या कुत्र्यांचं तो म्हणत होता ते पैशाच्या बाबतीत खरं आहे, माझा स्वतःचा निम्मा धंदा आता लॅब्रॅडॉरवरच चालतो.

पण हमाली म्हणू नये. आणि टेक्सास, तू हे वाचणार, मला माहितेय, तुला कुणीतरी लिंक पाठवेलच. ती फळी तुझ्या वजनाने मधोमध तडकली होती. तबेलेवाल्याने तिचे अडीचशे रुपये माझ्या बिलातून कापलेत. पुढच्या फॉर्ममध्ये तेही लिही.