मिशनच्या कामातला प्रत्येक अडथळा सैतानाचा असतो का? अशा वेळी विश्वासू पुढारी कसा ओळखावा?

तुम्ही लिहिलंय की गेलं वर्षभर तुमच्या मिशनच्या कामात एकामागून एक अडथळे येताहेत, दोन सेवक काम सोडून गेले, आणि तुमचे प्रमुख प्रत्येक सभेत हे आत्मिक युद्ध असल्याचं सांगतात. कोणी देणग्यांचा हिशोब किंवा एखाद्या निर्णयाचं कारण विचारलं, तर तोही शत्रूच्या बाजूचा ठरतो. म्हणून तुम्ही विचारताय की खरा आत्मिक विरोध कोणता, आणि त्यात विश्वासू पुढारी कसा वागतो.

सैतान आहे आणि सुवार्तेच्या कामाला तो विरोध करतो, हे मी मनापासून मानतो. अठरा वर्षं सेवेत आहे. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसावर आठवड्याभरात सगळीकडून संकटं कोसळताना पाहिली आहेत, एकजीव असलेले सहकारी प्रार्थनेच्या आदल्या रात्री क्षुल्लक गोष्टीवरून एकमेकांचं तोंड पाहीनासे झालेले पाहिले आहेत. तेव्हा 'हे सगळं मनाचे खेळ' असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण 'हा सैतानाचा विरोध आहे' हे वाक्य पुढाऱ्याच्या हातातलं फार धारदार हत्यार आहे, आणि ते मी स्वतः चुकीच्या माणसावर चालवलेलं आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी प्रेषित पौलाकडे बघा. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो की मला तुमच्याकडे एकदा नव्हे, दोनदा यायचं होतं, पण सैतानाने आम्हाला अडवलं. बरोबर. पण हाच पौल प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला निघतो, तेव्हा त्याला अडवतो तो पवित्र आत्मा. मग तो बिथुनियाकडे वळतो, तिथेही येशूचा आत्मा जाऊ देत नाही. शेवटी तो त्रोवसला पोचतो, तिथे रात्री त्याला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो आणि सुवार्ता फिलिप्पैला जाते. आणि रोमकरांना लिहिताना तो आणखी तिसरंच कारण देतो: जिथे ख्रिस्ताचं नाव पोचलेलं नाही तिथल्या कामातच मी इतका गुंतलो होतो की तुमच्याकडे यायचं राहूनच गेलं.

म्हणजे माणूस तोच, प्रवास थांबण्याचा अनुभव तोच, पण कारणं तीन. एकदा सैतान, एकदा देव आणि एकदा हातातलं काम. आशियात दार बंद झालं तेव्हा पौलाने 'सैतानाला धमकावून' पुढे घुसायचं ठरवलं असतं, तर तो देवाशीच झगडत बसला असता. म्हणून जो पुढारी प्रत्येक बंद दारावर एकच नाव लिहितो, त्याने बहुधा थांबून विचारलेलंच नसतं. पारखणं हे पुढाऱ्याचं पहिलं काम आहे, आणि त्याला वेळ लागतो. मंडळीतल्या इतर वडिलांसोबत बसावं लागतं, आणि 'कदाचित आपलंच चुकलं असेल' ही शक्यता टेबलावर ठेवावी लागते.

आता माझी गोष्ट. मी एका लहानशा गटाचा प्रमुख असताना, आमच्यातल्या एका सेविकेने मला विचारलं की औषधांसाठी आलेली देणगी प्रवासखर्चाला कशी काय वापरली. शांतपणे, एकटीने येऊन विचारलं. मला ते झोंबलं. त्या महिन्यात आमच्यावर बाहेरूनही खूप दबाव होता, मी थकलेला होतो, आणि घरातलीच व्यक्ती आता बोट दाखवतेय असं मला वाटलं. पुढच्या प्रार्थनासभेत मी कोरहाच्या बंडावर, म्हणजे देवाने नेमलेल्या मोशेविरुद्ध उठलेल्या माणसावर, संदेश दिला. नाव घेतलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते कोणासाठी होतं हे कळलं. लोकांनी मान खाली घालून 'आमेन' म्हटलं. ती काहीच बोलली नाही.

काही महिन्यांनी एका वयोवृद्ध पाळकांनी मला एवढंच विचारलं, "बाळा, तुझ्या त्या संदेशात मोशे कोण होता?" मला उत्तर देता आलं नाही. मी पैसे खाल्ले नव्हते. पण देणाऱ्यांना न विचारता ते वळवले होते आणि विचारणाऱ्या भगिनीला देवाच्या विरोधात उभं केलं होतं. त्या वर्षी सैतानाला आमच्या गटात शिरायला वाट मिळाली असेल, तर ती तिच्या प्रश्नातून मिळाली नाही, माझ्या संदेशातून मिळाली. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. आपण ते युद्धाची घोषणा म्हणून वाचतो. खरं तर ती आधी मनाई आहे: समोरचा माणूस तुझा शत्रू नाही. आणि हे तो बेड्यांत असताना लिहितोय, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवायला माणसं होती, असा माणूस लिहितोय.

त्यानंतर मी नहेम्याचं पुस्तक पुन्हा वाचलं, आणि मला ते पूर्वी कधी दिसलंच नव्हतं असं वाटलं. पारसाच्या राजाचा हा प्यालेबरदार यरुशलेमेचा पडलेला तट बांधायला येतो. चौथ्या अध्यायात सनबल्लट आणि तोबीया थट्टा करतात, मग हल्ल्याचा कट करतात. नहेम्या देवाची प्रार्थना करतो आणि पहाराही बसवतो. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत, हे मला फार आवडतं. सहाव्या अध्यायात त्याला फसवून भेटीला बोलावणं येतं, तेही चार वेळा, आणि पाचव्यांदा बदनामीचं उघडं पत्र येतं. बहुतेक संदेश या दोन अध्यायांवर होतात. मधला पाचवा कोणी वाचत नाही.

पाचव्या अध्यायात बाहेरचा शत्रू नाहीच. तिथे गरीब लोक आणि त्यांच्या बायका ओरडत येतात की आमची शेतं गहाण पडली, मुलं गुलामीत गेली, आणि हे आमच्याच भावांनी केलंय. विचार करा, तट अर्धवट, हत्यारबंद शत्रू दाराशी, आणि आतून तक्रार. 'आत्ता ही वेळ आहे का? शत्रूला हेच हवंय!' असं म्हणायला यापेक्षा चांगली संधी कोणत्या पुढाऱ्याला मिळाली असती? नहेम्या तसं म्हणत नाही. त्याला राग येतो, पण तक्रार करणाऱ्यांचा नाही, तक्रार खरी असल्याचा. तो मोठी सभा भरवतो आणि तिथे सर्वांसमोर हेही सांगतो की मी आणि माझे भाऊही लोकांना कर्जाऊ देत आलो आहोत, आता आपण सगळेच हे व्याज सोडून देऊ. पुढे लिहिलंय की सुभेदार म्हणून हक्काचा असलेला भत्ता त्याने बारा वर्षं घेतला नाही. तो तट ५२ दिवसांत पूर्ण झाला. मला वाटतं, पाचवा अध्याय घडला नसता तर तो झाला नसता.

सहाव्या अध्यायात आणखी एक बारीक गोष्ट आहे. शमाया नावाचा माणूस नहेम्याला संदेष्ट्याच्या भाषेत सांगतो की तुला मारायला येताहेत, मंदिरात लपू या. नहेम्याला कळतं की हा पैसे देऊन बोलवलेला आहे. म्हणजे विरोध कधीकधी भविष्यवाणीच्या तोंडून येतो आणि भीती घालतो. म्हणून मी आता हे बघतो की एखादं आत्मिक बोलणं ऐकल्यावर लोक मोकळे होतात की आक्रसतात. घाबरून गप्प बसवणारं बोलणं कितीही शास्त्रवचनांनी सजवलेलं असलं, तरी तपासूनच घ्यावं.

तुमचे प्रमुख 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मधलं वचन वापरत असतील तर तेही नीट बघा. आपल्या जिवावर उठलेला शौल राजा देवाचा अभिषिक्त आहे म्हणून दावीदाने त्याला मारलं नाही, हे खरं. पण त्याच प्रसंगात, एन-गेदीच्या गुहेबाहेर उभं राहून, शौलाच्या माणसांच्या देखत त्याने मोठ्याने विचारलं की तू लोकांचं ऐकून माझ्या मागे का लागलास, देवच तुझा-माझा न्याय करो. हात न लावणं म्हणजे तोंड न उघडणं नव्हे. आणि दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना संदेष्टा नाथान त्याचं पाप दाखवायला त्याच्याकडे गेला, आणि दावीदाने त्याला बंडखोर ठरवलं नाही, 'मी पाप केलं आहे' असं म्हटलं.

इतिहासातही हेच दिसतं. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालमध्ये आले. पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल या सुताराचा, व्हायला १८०० चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात त्यांचा लहान मुलगा वारला आणि पत्नीचं मानसिक स्वास्थ्य कायमचं ढासळलं. मग १८१२ च्या मार्चमध्ये सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली, कागद, टाईप आणि अनेक वर्षांच्या भाषांतरांची हस्तलिखितं जळून गेली. आपण असतो तर हा सैतानाचा सर्वांत मोठा हल्ला म्हणून सांगितला असता. पण छापायची यंत्रं वाचली, वितळलेल्या धातूतून पुन्हा टाईप ओतले गेले आणि काही महिन्यांतच छपाई सुरू झाली. आगीच्या बातमीने परदेशात जी सहानुभूती जागी झाली, तिने मदतही आली. कामाला खोल जखम झाली ती दुसरीकडून: जुने आणि नवे मिशनरी यांच्यातला बेबनाव, मालमत्तेवर ताबा कोणाचा यावरून मातृसंस्थेशी चाललेला वाद. १८२७ मध्ये सेरामपूरचं त्या संस्थेशी नातंच तुटलं. दोन्ही बाजूंना प्रार्थना करणारी, जीव ओतणारी माणसं होती. आग बाहेरून दिसते म्हणून सगळे पाणी घेऊन धावतात. वैर मात्र प्रार्थनेच्या खोलीत बसूनही वाढत राहतं.

पैशांबद्दल थोडं, कारण तुमचा प्रश्न तिथेच अडलाय. यरुशलेमेच्या गरिबांसाठी मोठी रक्कम न्यायची होती तेव्हा पौलाने तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस मुद्दाम घेतला. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तो कारणही देतो: या रकमेबद्दल कोणी बोट ठेवू नये, आणि केवळ प्रभूसमोर नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य दिसतं ते करावं. पौलाला 'माझ्यावर विश्वास नाही का?' असा प्रश्न पडला नाही. हिशोब मागणं हा अविश्वास असेल तर तो पौलाने स्वतःहून मागवून घेतला.

एक बाजू प्रमुखांचीही आहे, ती न सांगणं अन्याय होईल. सतत सगळीकडे शत्रू दिसणं हे पुष्कळदा गर्वाचं नसतं, थकव्याचं असतं. कर्मेल डोंगरावर एवढा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया लगेच पुढे रानात झुडपाखाली मरण मागतो आणि नंतर मी एकटाच उरलो म्हणतो. देव त्याला आधी उपदेश करत नाही. झोपू देतो, दूत भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. मग खूप पुढे जाऊन सांगतो की तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत. ब्रह्मदेशात काम करणारे अॅडोनायरम जडसन यांना पहिला बाप्तिस्मा द्यायला सहा वर्षं लागली, पुढे तुरुंगवास सोसला, पण खरे कोसळले ते पत्नी आणि लेकीच्या मृत्यूनंतर. ते माणसांपासून दूर रानात जाऊन राहिले. सावरून त्यांनी ब्रह्मी भाषेत पवित्र शास्त्राचं भाषांतर पूर्ण केलं. तुमच्या प्रमुखांनी शेवटची सुट्टी कधी घेतली, त्यांच्यासाठी कोण प्रार्थना करतं, ते मन कोणाजवळ मोकळं करतात, हे कोणी विचारलंय का?

म्हणून आधी एकटे त्यांना भेटा. मत्तय १८ मध्ये प्रभूने हाच क्रम दिला आहे: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. तुमचा प्रश्न एकच ठेवा, लिहून न्या, आणि अफवा नेऊ नका. पाहिलेलं तेवढंच बोला. वडिलांवरचा आरोप दोनतीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं तीमथ्याला सांगितलेलं आहे. ते पुढाऱ्याचं संरक्षण आहे आणि ते त्यांना मिळायलाच हवं. पण त्याच परिच्छेदात पुढे म्हटलंय की पाप करत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमोर दाखवावा. ते ऐकून घेतील, रागावतील, पण हिशोब उघडतील, तर त्यांच्या पाठीशी घट्ट उभे राहा. विश्वासू पुढाऱ्यालाही राग येतो. योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या दियत्रफेसासारखं वागू लागले, म्हणजे विचारणाऱ्याला मंडळीबाहेर काढू लागले, तर त्यांच्यावर देखरेख असणाऱ्यांकडे जा. तिथेही दार बंद असेल आणि तुम्ही तिथून निघालात, तर तुम्ही देवाची सेवा सोडली असं होत नाही.

आणि ते दोन सेवक, जे सोडून गेले, त्यांच्याकडे कोणी गेलं होतं का? मी त्या भगिनीच्या घरी गेलो तेव्हा सभेत सर्वांसमोर माफी मागून झाली होती, देणाऱ्यांना पत्रं लिहून झाली होती, आणि मला वाटत होतं की विषय मिटला. ती परत आली नाही. पण तिने मला बसायला सांगितलं आणि तो संदेश ऐकताना तिला काय वाटलं ते पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, त्या रात्री तिने देवाला विचारलं होतं, "मी खरंच तुझ्याविरुद्ध उभी आहे का?" तुमच्या त्या दोघांनीही हे विचारलं असेल. त्यांना फोन करा.