११ वर्षांच्या मुलीला युद्धांच्या इतिहासाची कोणती पुस्तके द्यावीत?

आपण विचारले आहे की, म्हापशात राहणाऱ्या आपल्या ११ वर्षांच्या मुलीला लढाया, किल्ले आणि रणगाडे यांचे वेड लागले आहे, हाती येईल ते पुस्तक ती दोन दिवसांत संपवते, तर आता तिला मराठीतून काय वाचायला द्यावे. आणि एवढ्या लहान वयात सारखे युद्धाचेच वाचल्याने तिच्या मनावर वाईट परिणाम तर होणार नाही ना. मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यापासून गावच्या वाचनालयात दर शनिवारी मुलांबरोबर बसते. हाच प्रश्न मला अनेक आईवडिलांनी विचारलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काळजीचे आधी सांगते. लढायांची पुस्तके मागणाऱ्या मुलांना रक्तपाताची ओढ असते, असे मला कधी दिसले नाही. त्यांचे प्रश्न बहुतेक व्यवहाराचे असतात: एवढी माणसे नदी कशी ओलांडून गेली, वेढ्यात अडकलेले लोक जेवत काय होते, तोफ गडावर चढवली कुणी आणि कशी. अशा प्रश्नांना जे पुस्तक खरे उत्तर देते ते मुलाला शहाणे करते. बिघडवते ते पुस्तक वेगळे असते. त्यात शत्रू मूर्ख असतो, आपल्या बाजूचे कुणी मरत नाही आणि विजय केवळ शौर्याने, एका उडीत मिळतो. तेव्हा युद्धाचे वाचन थांबवण्यापेक्षा पुस्तक निवडण्याकडे आपण लक्ष द्यावे, असे मी सुचवीन.

निवडताना मी पहिल्यांदा नकाशा शोधते. नकाशा असला तर त्यात नद्या, घाट, खाड्या आणि अंतरे दाखवली आहेत की नुसते बाण काढले आहेत, तेही पाहते. लढाई जमिनीवर आणि पाण्यावर होते. ती जमीन आणि ते पाणी पुस्तकात नसेल, तर उरतात फक्त नावे आणि सनावळ्या. गोव्यात राहणाऱ्या मुलीला तर हे घराच्या पायरीवरून समजावता येते.

संभाजी महाराजांची १६८३ सालची गोव्याची मोहीम घ्या. त्या वर्षी पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, महाराज कुमक घेऊन आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. त्यानंतर २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीची वेळ साधून, मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हेच बेट आज सांत इस्तेव्ह म्हणून ओळखले जाते आणि जुने गोवे तेथून हाकेच्या अंतरावर आहे. मुलांच्या बहुतेक पुस्तकांत हा प्रसंग दोन वाक्यांत उरकलेला असतो आणि नेमका ‘ओहोटी’ हा शब्दच त्यातून गळालेला असतो. तो शब्द नसला की मराठे पाण्यावरून चालत गेले असे वाटू लागते.

एका शनिवारी सातवीतला एक मुलगा हा प्रसंग वाचत होता. मी त्याला तालुक्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून मांडवी आणि कुंभारजुव्याची खाडी निळ्या पेन्सिलीने काढायला सांगितली. त्याचे वडील खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेताच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारावर) मासे धरतात. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग पेन्सिल खाली ठेवून त्याने कोकणीतून सांगितले, “टीचर, ओहोटीला पाणी जाते, पण चिखल राहतो, गुडघ्याएवढा. घोडा रुतेल. ते पायीच गेले असणार, आणि वाट दाखवणारा तिथलाच कुणी असणार.” त्याचा तर्क बरोबर की चूक हे त्याच्या हातातल्या पुस्तकात नव्हतेच, पण वीस वर्षे तो प्रसंग शिकवूनही वाटाड्या कोण असेल हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. मुलांच्या युद्ध-इतिहासाचे पुस्तक मी तेव्हापासून याच कसोटीवर पारखते: ते वाचताना मुलाला स्वतःच्या गावची माहिती उपयोगी पडते की नाही.

दुसरी गोष्ट मी पाहते ती अशी की, हरलेल्या किंवा समोरच्या बाजूला पुस्तकात बोलू दिले आहे काय. जुव्याचा किल्ला परत घेण्याचा विजरईचा प्रयत्न फसला, तो स्वतः जखमी झाला आणि जुने गोवे ही राजधानी हातची जाणार अशी वेळ आली. पोर्तुगीज परंपरा सांगते की, त्याने बाँ जेझूस चर्चमध्ये जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायाशी आपला राजदंड ठेवला आणि शहर वाचले. मराठी इतिहास सांगतो की, औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने कोकणात उतरत होता, म्हणून महाराजांना मोहीम आवरती घ्यावी लागली. “मग गोवा घेतला का नाही?” हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतेच, आणि त्याचे उत्तर देताना दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी मांडणारे पुस्तक मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यातून मुलाला हे समजते की सेनापतीला एकाच वेळी दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात, आणि घाबरलेले शहर आपल्या सुटकेचे कारण आपल्या श्रद्धेत शोधते.

याच्या उलट अनुभव १९६१ च्या ‘ऑपरेशन विजय’वरील, म्हणजे गोवा मुक्त करणाऱ्या भारतीय लष्करी मोहिमेवरील, मुलांच्या एका पुस्तकाने दिला. एका पुस्तक-प्रदर्शनात मी ते घाईने विकत घेतले. मुखपृष्ठावर रणगाडा होता, पण तो वाळवंटात, वाळूच्या टेकडीवर चढत होता. आमच्या मुलांनी ते पहिल्या मिनिटात पकडले. गोव्याच्या मोहिमेत वाळूने कुणाचीही वाट अडवली नव्हती; अडवली ती नद्यांनी आणि उडवलेल्या पुलांनी. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य हद्द ओलांडून आत आले, तेव्हा पोर्तुगीजांनी माघार घेताना ठिकठिकाणचे पूल उडवले होते, त्यांत बाणस्तारीचाही होता. ५० पॅरा (छत्रीधारी) ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर सगत सिंग यांच्याकडे होते. तिच्यातील दुसरी पॅरा (मराठा) बटालियन उसगावमार्गे फोंड्याकडे आली, आणि एक तुकडी त्याच संध्याकाळी बेतीला पोहोचूनही मांडवीच्या अलीकडे थांबली. समोर पणजीचे दिवे आणि मध्ये पाणी, अशी ती रात्र गेली आणि १९ तारखेच्या सकाळी जवान होड्यांतून पलीकडे उतरले. बेतीच्या फेरीबोटीत बसलेल्या कोणत्याही मुलाला हे अंतर डोळ्यांनी मोजता येते. असे असता त्या पुस्तकात नदीचा उल्लेख एकदाही नसावा, याचे मला फार वाईट वाटले.

१९६१ चाच प्रसंग मी मुलांना पुन्हा पुन्हा वाचायला देते, त्याचे कारण गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा. शरणागती पत्करायची नाही, शेवटपर्यंत लढायचे, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा लिस्बनहून हुकूम होता. तो मोडून या माणसाने १९ डिसेंबरला शरणागती दिली. पुढे त्याला पोर्तुगीज लष्करातून काढून टाकण्यात आले आणि पोर्तुगालमधील १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याचा दर्जा परत मिळाला. वाचनालयात यावर एकदा तासभर वाद झाला. एक मुलगा म्हणाला, “तो भित्रा होता.” त्यावर पणजीहून आजोळी आलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, “आमचे घर पणजीच्या मळा भागात आहे, पणजोबांच्या वेळचे. तो लढला असता तर ते राहिले असते का?” मी मध्ये पडले नाही. त्या दिवशी मी मुलांना आणखी दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवले: या मोहिमेत भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० सैनिक मरण पावले, असे सामान्यतः नोंदले जाते. आकडे लहान आहेत म्हणून मुले आधी निश्चिंत झाली, मग त्यांच्या लक्षात आले की वर्गात साधारण तितकीच मुले असतात. त्या २२ जणांत अंजदीव बेटावर उतरलेले नौसैनिकही होते. मुलांच्या पुस्तकात मृतांची संख्या असलीच पाहिजे, आणि ती दोन्ही बाजूंची असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शौर्यकथांविषयी आपण वेगळे विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण या वयात त्याच जास्त आवडतात. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची चरित्रे अवश्य द्यावीत, मात्र त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले, हे सांगूनच द्यावीत. सुरुवात आपण राम राघोबा राणे यांच्यापासून करावी. ते आपल्या काणकोणपलीकडचे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलातले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता सुरुंगांनी आणि आडव्या टाकलेल्या झाडांनी बंद होता, वरच्या डोंगरातून गोळीबार चालू होता आणि पहिल्याच दिवशी ते स्वतः जखमी झाले. तरी ते रणगाड्याच्या खाली शिरून, दोन्ही साखळ्यांच्या मधून, त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले आणि दोरी ओढून चालकाला थांबण्या-चालण्याची खूण करीत राहिले. ही दोरी मुले विसरत नाहीत. आमच्याकडे दोन मुलांनी टेबलाखाली शिरून, सुतळी बांधून ते करून पाहिले आणि टेबल ढकलणाऱ्याला खूण नीट कळत नाही म्हणून सुतळीची लांबी तीनदा बदलली. बंदूक न चालवताही रणांगणावर एवढे मोठे काम होते, हे या एका चरित्रातून जितके कळते तितके दहा व्याख्यानांतून कळत नाही.

काय टाळावे, हे थोडक्यात सांगते. संभाजी महाराजांच्या १६८९ मधील अखेरीचे अंगावर काटा आणणारे वर्णन पानेच्या पाने करणारी पुस्तके ११ व्या वर्षी नकोत. त्यांचा छळ करून वध झाला, हे एक वाक्य या वयाला पुरेसे आहे, आणि अधिक विचारले तर ते आईने किंवा बाबांनी शेजारी बसून सांगावे. प्रेतांची छायाचित्रे असलेली पुस्तके आणखी तीन-चार वर्षे थांबू शकतात. एखाद्या धर्माच्या किंवा भाषेच्या माणसांनाच शत्रू ठरवणारे पुस्तक मी वाचनालयात ठेवत नाही. आमच्या शनिवारच्या बैठकीत कॅथलिक घरांतली मुलेही येतात, आणि पोर्तुगीज सत्ता वेगळी आणि शेजारचा माणूस वेगळा, हा भेद लेखकाला करता आला पाहिजे.

आता प्रत्यक्ष काय द्यावे ते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. मासिक १९७१ पासून निघते आणि त्यात किल्ले, आरमार, जवान यांच्यावरचे छोटे, नेटके लेख सापडतात, तेव्हा सुरुवात तेथून केल्यास पैसे वाया जाणार नाहीत. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात तिला एकदा घेऊन जा आणि मुलांच्या विभागात तिला स्वतःच पुस्तके उघडून नकाशे शोधू द्या. निवड तिने करावी, आपण फक्त शेवटच्या पानांवर सूची आहे की नाही ते पाहावे. चित्रकथांना हलके समजू नये. चांगल्या चित्रकाराने काढलेला बुरूज किंवा गलबत दोन परिच्छेदांचे काम करते. स्वतःसाठी आपण पांडुरंग पिसुर्लेकरांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मिळवावे. ते पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्लेचे, आणि गोव्याच्या दप्तरखान्यातील पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांनी आयुष्य घालवले. ते पुस्तक मुलांसाठी नाही, पण मुलीने अवघड प्रश्न विचारला की त्यातले एखादे पान आपण सोप्या भाषेत सांगू शकाल.

पुस्तकांच्या जोडीला जागाही दाखवाव्यात. बोगमाळ्याच्या रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर आणि अलिझे ही विमाने हात लागेल इतकी जवळ उभी आहेत. आग्वादच्या तुरुंगात स्वातंत्र्यसैनिक कोंडलेले असत, तेथे आता संग्रहालय आहे. आणि जुव्याला जाणार असाल, तर निघण्यापूर्वी पंचांग पाहा: अष्टमीच्या सुमारास भांग (कमी जोराची भरती-ओहोटी) असते आणि पाणी फारसे उतरत नाही, अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत ओहोटी खोलवर जाते. तेव्हा तिच्या हातात नकाशा द्या, किल्ल्याच्या टेकडीवर तिला उभी करा आणि पाणी उतरेपर्यंत तेथे थांबा.