खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ३०० लिटरच्या टाकीतून ८० लिटरच्या टाकीत हलवताना

आधी मासे मोज. टँग (सतत पोहत राहणारा समुद्री मासा) असेल तर त्याला मोठी टाकी असलेल्या माणसाकडे दे. ८० लिटरमध्ये त्याला पोहायला जागाच नाही. क्लाउनफिशची जोडी मात्र मजेत राहील.

जुनी वाळू आणू नकोस, हे कळकळीने सांगतो. मी आणली होती. उपसताना खालचा काळा थर वर आला, सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि टाकीत पडल्यावर पाणी दोन दिवस गढूळ राहिलं. माशांना विषारी असलेला अमोनिया चढला, एक मासा गेला. नवी वाळू घे, धुऊन टाक. हा अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मुख्यतः खडकांवर असतात, म्हणून लाइव्ह रॉक (टाकीतले हे जिवाणूंनी भरलेले खडक) जुन्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवून ने, सुकू देऊ नकोस. जुनं स्वच्छ पाणी निम्मं वापर. उरलेलं आदल्या दिवशी आरओ पाण्यात मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ कालवून तयार ठेव. क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५-२६ अंश, दोन्हीकडे सारखं.

झोअँथस (प्रवाळांसारखे वसाहतीने वाढणारे जीव) हाताळताना हातमोजे आणि संरक्षक चष्मा हवाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे घातक विष असू शकतं. लहान टाकीत दिवा प्रवाळांच्या जवळ येतो, तेव्हा प्रकाश सुरुवातीला कमी ठेव.

पुढचा आठवडाभर रोज अमोनिया तपास, खाणं थोडंच घाल. आणि बाष्पीभवनाकडे लक्ष दे: मोठ्या टाकीतून ४ लिटर पाणी उडालं तर विशेष फरक पडत नाही, इथे तेवढ्यात क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं आरओ पाणी भर, खारं नव्हे.