लाओसमध्ये पपईचं सॅलड खाताना काय सांगून मागवावं?

थायलंडचं सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, खाल्लंय, लाओसमधलं त्याहून वेगळं असतं का, आणि पोट न बिघडवता ते कसं खावं, असं तुम्ही विचारलंय. वेगळं असतं, चांगलंच वेगळं. आणि पोटाचं म्हणाल तर सगळं ठरतं ते खलात पहिली मिरची पडायच्या आधी. हे सॅलड करून ठेवलेलं नसतं, तुमची प्लेट तुमच्यासमोर कुटली जाते. म्हणून काय हवं, काय नको, हे तेव्हाच सांगायचं.

तिथलं नाव तम माक हुंग. तम म्हणजे कुटणं, माक हुंग म्हणजे पपई. बँकॉककडच्या सोम तममध्ये शेंगदाणे, सुकट आणि ताडगूळ असल्यामुळे ते गोडसर लागतं. लाओ तममध्ये शेंगदाणे सहसा नसतात, साखर असली तर चिमूटभर. त्याची चव उभी असते पाडॅकवर. नदीतले किंवा शेतातले मासे, मीठ आणि तांदळाचा कोंडा मडक्यात भरून कित्येक महिने मुरवले की पाडॅक होतं: तपकिरी, गढूळ, माशाचे तुकडे असलेलं. वास उग्र येतो, पण सुकटीच्या वासाला सरावलेल्या माणसाला तो दोन घासांत आपलासा होतो. पाडॅक वगळलं तर ते लाओ तम राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा ते टाळू नका, उकळलेलं मागा.

उकळलेलंच का, ते नीट समजून घ्या. लाओस आणि ईशान्य थायलंडच्या गोड्या पाण्यातल्या माशांत लिव्हर फ्लूक नावाचा कृमी असतो. कच्च्या किंवा अर्धवट मुरलेल्या माशातून तो माणसाच्या पित्तनलिकेत जाऊन वर्षानुवर्षं राहतो आणि त्यातून पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांत, टाकलं. लिंबू आणि मिरचीने तो मरत नाही. जास्त मिठात बराच काळ मुरलं तर मरतो, पण समोरचं पाडॅक किती मुरलंय हे आपल्याला कळत नाही. उकळलं की प्रश्न मिटतो. ‘पाडॅक तोम बॉ?’ म्हणजे ‘पाडॅक उकळलेलं आहे का?’ पुष्कळ ठिकाणी ते उकळून, गाळूनच ठेवतात.

खेकड्याला मात्र थेट नाही म्हणा. भातखाचरातले छोटे खेकडे मिठात घालून कच्चेच ठेवतात आणि कवचासकट खलात टाकतात. ‘बॉ साइ पू’ म्हणजे ‘खेकडा घालू नका’. हाच ‘बॉ’ शब्दाच्या आधी आला की नकार, वाक्याच्या शेवटी आला की प्रश्न. सूर थोडा बदलतो, पण नवख्याचं बोलणंही समजून घेतात.

तिखटाचं मिरच्या मोजून सांगा. तिथली मिरची आपल्या लवंगीच्या तोडीची असते. ‘बॉ फेत’ म्हणजे ‘तिखट नको’ म्हटलं तरी एखादी पडतेच. रोज ठेचा खाणाऱ्यानेही पहिल्यांदा दोनच सांगाव्यात, ‘माक फेत सॉंग नुआय’. अजिनोमोटो नको असेल तर ‘बॉ साइ पॅंग नुआ’.

आता कुटताना काय बघायचं. खल मातीचा किंवा लाकडी, उंच आणि खोल, बत्ता लाकडी. आधी मिरच्या, लसणीच्या दोन पाकळ्या, मीठ, साखर भरड कुटतात. मग हरभऱ्याएवढी कोळंबीची आंबवलेली पेस्ट, चमचा-दोन चमचे पाडॅक, अर्धं लिंबू, कधी चिंचेचं पाणी. नंतर तीन-चार छोटे टोमॅटो आणि हिरव्या वांग्याच्या फोडी. हंगामात माक कॉक मिळालं तर जरूर घालायला सांगा. तो आपला कोकण-गोव्यातला आंबाडाच, आणि त्याचा तुरटपणा लिंबाने येत नाही. दोन मुठी पपई सगळ्यात शेवटी. उजव्या हाताने बत्ता हलका पडतो आणि डाव्या हातातला चमचा तळातला रस वर आणत राहतो. पपई ठेचायची नसते, नुसती दबून रस प्यायली पाहिजे. घरी दगडी खलात जोर लावला की तिचा लगदा होतो तो इथेच. किसणीवर बारीक किसलेली पपईही लगेच लोळते. तिथे पपई हातात धरून सुरीने उभे घाव घालतात आणि मग वरचा थर सोलून काढतात, त्यामुळे काड्या जाड-बारीक येतात आणि कुरकुरीत राहतात. लुआंग प्रबांगकडे तर रुंद, पातळ पट्ट्याच काढतात.

बरेचदा विक्रेती चमच्यावर रस चाखायला देते. आंबट, खारट काय कमी आहे ते तेव्हाच सांगा. आणि प्लेट आली की लगेच खा, कारण मिठाने पपईला पाणी सुटतं आणि दहा-पंधरा मिनिटांत चव पातळ होते.

पूर्ण शाकाहारी असाल तर पाडॅकबरोबर नाम पा म्हणजे फिश सॉस आणि कापी म्हणजे ती कोळंबीची पेस्ट, दोन्हींना ‘बॉ साइ’ म्हणावं लागेल. तरीही खल दर वेळी धुतला जातोच असं नाही. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर याच कारणासाठी रस्त्यावरचं तम टाळा. गरोदर बाईने कच्च्या पपईऐवजी काकडीचं तम माक तॅंग मागवावं, पाडॅकशिवाय.

सोबत चिकट भात, खाओ निआव, घ्याच. तो बांबूच्या झाकणवाल्या टोपलीत येतो. चमचा बाजूला ठेवा, लिंबाएवढा गोळा बोटांनी दाबून रसात टेकवा आणि त्यानेच पपई उचला. घास काढला की दर वेळी झाकण लावा. उघडा राहिला तर भात वरून कडक होतो आणि मग रस धरत नाही.