वारेतला विषाणू

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातल्या उपळ्यात 32 एकर जमीन माकडांच्या नावे आहे. परवा मुलाच्या पुस्तकात वाचलं, माणसाच्या डीएनएत जुन्या विषाणूंचे तुकडे आहेत आणि त्यातले काही माकडांतही सापडतात. विषाणू म्हणजे आजार. मग पिढ्यान्‌पिढ्या तो टिकला कसा?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : उपळ्याचं नाव काढलंत, तर सातबाऱ्याच्याच भाषेत सांगतो.

रेट्रोव्हायरस जातीचा विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या डीएनएत घुसवतो. तलाठ्याच्या दप्तरात गुपचूप नोंद ओढावी तसं. ही नोंद रक्तातल्या पेशीत झाली तर त्या जिवाबरोबर संपली. बीजपेशीत, म्हणजे शुक्राणूत किंवा स्त्रीबीजात झाली तर वारसाने लेकरांकडे जाते. आपल्या डीएनएचा सुमारे 8 टक्के भाग असाच आलेला आहे. बहुतेक नोंदी खाडाखोड होऊन निकामी झाल्या, पण जागा सोडली नाही. माणसाच्या आणि माकडाच्या डीएनएत एकाच गटात, एकाच बांधाला तीच नोंद दिसली, तर ती दोघांच्या सामाईक पूर्वजाच्या काळातली म्हणायची.

आता कामाची गोष्ट. मी परभणीकडं तीस वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. गाय व्याली की वार, म्हणजे पोटातल्या वासराला पोसणारा अवयव, पडेपर्यंत गोठ्यातच बसून राहायचं. पडली की घरची म्हातारी ती पोत्यात बांधून वडाला टांगायला लावायची, दूध वाढतं म्हणून. दुधाचं मला पटलं नाही कधी. पण वार ही चीज साधी नाही.

पेशीला चिकटून आत शिरायला विषाणूकडं एक प्रथिन असतं. तसलंच एक, सिन्सिटिन, आपल्या वारेत बनतं. त्याच्यामुळं वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून सलग थर होतो आणि आईकडचं अन्न त्यातूनच बाळाला पोचतं. विषाणूकडून आलेल्या या जनुकाचं वारेतलं काम 2000 साली उजेडात आलं. त्याची नोंद अडीच कोटी वर्षांपेक्षा जुनी. चिंपांझी, गोरिलात ती चालू आहे. आपल्याकडच्या माकडांत जागेवर आहे, पण मोडलेली. त्यांचं अडलं नाही. सिन्सिटिन-2 या तसल्याच दुसऱ्या जनुकाची आणखी जुनी, चार कोटी वर्षांपलीकडची नोंद त्यांच्यातही शाबूत आहे.

आणि गाय? तिच्या वारेतल्या काही पेशी थेट आईच्या गर्भाशयाच्या पेशींत मिसळतात. तिथंही विषाणूचंच जनुक आहे, पण माणसातलं नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पूर्वजांनी ते दुसऱ्याच विषाणूकडून घेतलं. वडाला टांगलेल्या त्या पोत्यात हेही असायचं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं.